पांढऱ्या निशाणाखाली बोललेलं खोटं

लिहून ठेवणार मी, लालीबाई, नवऱ्याचं नाव देवीलाल आडे, वय चौऱ्याहत्तर, धंदा एकेकाळी खासदारकी, आता शेती आणि खोकला, राहणार उकंडा नाईक तांडा, तालुका बाभुळगाव, जिल्हा यवतमाळ.

माझी अक्कल ठिकाणावर आहे. यवतमाळच्या डॉक्टरांनी परवा तपासलं. आजचा वार विचारला, मी तिथीसकट सांगितला. त्यांचा दाखला मागे टाचला आहे. हा कागद मी स्वतःच्या हातानं लिहिते आहे. मला कोणी धमकावलेलं नाही. फूस लावायला एकच जण आला होता, माझा मुलगा ओम. त्यानं टाइप केलेलं मृत्युपत्र आणलं आणि म्हणाला, "याडी, फक्त सही कर. वाचत बसू नको, डोळ्याले तरास होईन." आई म्हणून त्याच्या मायेचं मला कौतुक आहे. पण न वाचता सही करायला मी शिकलेच नाही. तो कागद, आणि माझ्या नावानं आणखी कुठे काही निघालं तर तेही, रद्द समजावं.

घरात आम्ही आमच्या गोरबोलीत बोलतो. कोर्टाला कळावं म्हणून मराठीत लिहिते.

हे सगळं कशासाठी, ते आधीच सांगते, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला लागायचा नाही. माझ्या एका शब्दामुळे चौतीस वर्षांपूर्वी एका माणसाला बायको-लेकरासकट तांड्यातून काढलं. माणूस मेला. बायको, भुरीबाई, ढाणकीला आहे, छातीनं आजारी आहे, आणि अजून बाहेरच आहे. ती जिवंत आहे तोवर तिच्या नवऱ्याच्या नावावरचा डाग मला पुसायचा आहे. बाकीची कलमं म्हणजे भाजीतलं पाणी.

कलम पहिले. माझे पती देवीलाल सहा वर्षांपासून खाटेवर आहेत. ऐकू येतं, बोलता येत नाही. यवतमाळचं माझ्या नावाचं घर ओमला देते, पण वडलांची सेवा त्यानं स्वतः करायची, नोकरावर सोडायची नाही. एक दिवसाआड दाढी करावी. ज्वारीची कण्हेरी पातळ द्यावी, घट्ट दिली की ठसका लागतो. कूस रोज बदलावी. मी हे सहा वर्षं केलं आहे आणि मनापासून केलं आहे. ज्या हातानं त्यांनी मला मारलं तो हात मी रोज तेलानं चोळते. तो आता वाटीसुद्धा उचलत नाही.

कलम दुसरे. बाभुळगाव शिवेतलं चार एकर वावर, कपाशी आणि मधात तुरीच्या ओळी आहेत ते, नात खुशी हिला. ती वकिली शिकते आहे. तिनं वावर विकलं तरी हरकत नाही, पण सौदा करताना बापाला सोबत नेऊ नये.

कलम तिसरे. माझी फेटिया-कांचळी, आरशांची, कवड्यांची, जी घालून मी लोकसभेत पहिल्या दिवशी गेले, तीही खुशीलाच. आमच्या तांड्यांतून दिल्लीला गेलेली मी पहिली बाई. फोटोवाल्यांनी मला पायरीवर सात वेळा चढवलं-उतरवलं. आठवड्यानं एका मेजवानीत आमच्याच पक्षाचे एक म्हातारे खासदार परदेशी पाहुण्यांसमोर म्हणाले, "बाई, थोडं नाचून दाखवा ना, तुमच्याकडे छान नाचतात." मी म्हटलं, "दाखवते की. आधी तुमच्या बायकोला बोलवा, जोडीनं नाचू." मेजवानीभर माझ्याशी कोणी बोललं नाही. जेवण मात्र मी पोटभर जेवले. खुशीनं ते कपडे वर्षातून एकदा उन्हात टाकावेत. कुणी फोटोसाठी मागितले तर देऊ नयेत.

कलम चौथे. तांड्यातलं घर, मागच्या वाड्यासह, मी श्रीमती भुरीबाई हरिसिंग आडे, हल्ली मुक्काम ढाणकी, यांना देते, त्या माझ्या पश्चात हयात असल्यास. का देते, ते खाली लिहिते. वकील प्रेरणाताई म्हणाल्या, "कारण लिहायची गरज नसते, आजी." असते.

हरिसिंग म्हणजे माझ्या मालकांचा चुलतभाऊ. तांड्याचे नायक माझे मालक, आणि त्यांचे कागद सांभाळणारा हरिसिंग. मतदार याद्यांचे गठ्ठे तो आमच्या ओसरीवर टाकायचा. मी अडतीस वर्षांची होईपर्यंत अक्षरशत्रू होते. पण तांड्यात कोणत्या घरात कोण राहतं हे मला पाठ होतं. यादी घरांच्या ओळीनं असते. पहिलं घर उकंडाचं, तर पहिलं नाव उकंडा. दुसरं बसंतीबाईचं. अशी मी भाकरी थापता थापता माणसांच्या नावांवरून बाराखडी शोधून काढली. दोन वर्षांत वाचायला लागले. हे फक्त हरिसिंगला माहीत होतं. तो कुणाला बोलला नाही. उलट जुन्या याद्या माझ्याजवळच ठेवायला लागला.

मग लोकसभेची निवडणूक आली आणि मालकांना तिकीट मिळालं. मोठ्या उमेदवाराचा फारम काही कारणानं उडाला तर पंचाईत नको, म्हणून पक्ष एक डमी फारम भरून ठेवतो. बहुतेक बायकोचाच भरतात, कारण बायको पळून जात नाही. माझा भरला. यवतमाळला वाजतगाजत गेलो. मालकांनी साहेबांच्या टेबलावर फारम ठेवला आणि हार घालून घ्यायला लगेच बाहेर गेले. मागे राहिलो मी आणि हरिसिंग. साहेब म्हणाले, "शपथ राहिली. उमेदवारानं माझ्यासमोर शपथ वाचावी लागते, आजच. उद्या छाननी." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "बाई, तुम्हाला वाचता येतं, की मी सांगू आणि तुम्ही म्हणाल?"

"येते वाचता," मी म्हटलं.

मी वाचली. आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत, मोठ्यानं. हरिसिंगच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. जिन्यात त्यानं मला थांबवलं. "भोजाई, मी झेंडे उतरवाले चाललो. तू जीपमदी भियासंगं हाये. त्याले सांग, पाचच्या आत वापस येऊन शपथ वाचा लागते, नाई तं फारम गेला. इसरू नोको."

"नाई इसरत," मी म्हटलं.

जीपमध्ये मी सांगायला तोंड उघडलं. मालक मित्रांना म्हणाले, "पाहा, डमीले वाचा फुटली." सगळे हसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तोंड बंद ठेव. फारम भरला म्हणून तू कोणी झाली नाई." मी तोंड बंद ठेवलं.

पुष्कळ वर्षं मी मनाला सांगत आले की नवऱ्यानं सांगितलं म्हणून गप्प बसले. ते अर्धंच खरं. त्या साहेबाच्या खोलीत मला माझाच आवाज आवडला होता. पाच वाजेपर्यंत तीन तास होते. जीप दोनदा चहाला थांबली. मालकांच्या हातात कप मीच दिला.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फारम उडाला. माझा राहिला. पक्षाचं चिन्ह माझ्याकडे आलं.

मालकांनी घरी येऊन आधी मला मारलं, मग विचार केला. विरोधकांनी हरिसिंगला फोडला, असं त्यांनी ठरवलं आणि नसाब बोलावला. नसाब म्हणजे आमच्या तांड्याची पंचायत, आमचे संत सेवाभाया यांच्या पांढऱ्या निशाणाखाली बसते. तिथे खोटं बोलणारा माणूस आमच्यात अजून जन्मला नव्हता. हरिसिंग हात जोडून उभा राहिला. "मी भोजाईले निरोप देलता. तिले विचारा. ती खोटं नाई बोलत."

मला बोलावलं. उमेदवारी मागे घ्यायची मुदत दुसऱ्या दिवशीपर्यंत होती. मी खरं बोलले असते तर मालकांनी केस धरून मला यवतमाळला नेलं असतं आणि नाव काढायला लावलं असतं. मी निशाणाला हात लावला, सेवाभायाचं नाव घेतलं आणि म्हटलं, "मले काई सांगतलं नाई." मग मी शपथ कशी वाचली, हे पंचांतल्या कोणी विचारलं नाही.

हरिसिंग माझ्याकडे पाहत राहिला. रागानं नाही. अवघड शब्द अडला की मी यादीवर बोट ठेवायचे तेव्हा पाहायचा, तसं.

रोटी-बेटी, आग-पाणी बंद, असा निकाल झाला. सकाळी ते निघाले. भुरीबाईच्या कडेवर चार महिन्यांची पोर होती. ती माझ्या दारात आली. "लाली, एक डाव सांग ना. एकच डाव. तुले काय लागते?" आम्ही दोघी एकाच वर्षी ह्या तांड्यात सुना म्हणून आलो. एकीची चूल विझली तर दुसरी विस्तव द्यायची. मी दार लावून घेतलं. आतून कडी घातली, तिला ऐकू जाईल अशी.

मी पावणेदोन लाख मतं घेतली. दोनदा निवडून आले, तिसऱ्यांदा आपटले. मालक दिल्लीत माझ्या खुर्चीवर बसून लोकांना भेटायचे, मी चहा आणायचे, आणि चहा ठेवता ठेवता कागद वाचून घ्यायचे. तांड्यांना गावाचा दर्जा, तांड्यात शाळा, बायांच्या नावावर घर, हे प्रश्न मी विचारले, मंत्र्यांना भंडावून सोडलं. काही झालं, पुष्कळ राहिलं. ते मी केलं याचा मला अभिमान आहे आणि तो मी कोणाला वारसाहक्कानं देत नाही.

माझं सगळ्यात गाजलेलं भाषण जातपंचायतीच्या बहिष्कारावर होतं. "आग आणि पाणी देवाचं, ते बंद करणारे तुम्ही कोण," असं मी म्हटलं. बाकं वाजली. पेपरात फोटो आला. पंधरा दिवसांनी हरिसिंग ते कात्रण घेऊन माझ्या दिल्लीच्या फाटकावर आला. जानेवारी होता. अंगावर धोतर आणि घोंगडी. मी चपराश्याला सांगितलं, "बाई दौऱ्यावर हायेत म्हणून सांग." तो तीन दिवस समोरच्या झाडाखाली बसला. मी वरच्या खिडकीतून पाहायचे आणि पडदा ओढायचे. तिसऱ्या दिवशी कात्रण पहारेकऱ्याजवळ देऊन गेला. काही लिहिलं असेल म्हणून मी ते उलटून पाहिलं. मागे बियाण्याची जाहिरात होती.

ढाणकीला जिनिंगमध्ये रखवाली करता करता तो गेला. भुरीबाईनं कळवलं. मी छापील सांत्वनपत्र पाठवलं, तेही सहीच्या रबरी शिक्क्यानं. तो शिक्का कपाटात आहे. माझ्या देखत बबितानं, माझ्या सुनेनं, तो वरवंट्यानं ठेचावा.

कलम पाचवे. तांड्याच्या तोंडाशी "माजी खासदार लालीबाई आडे प्रवेशद्वार" बांधायचं ओमनं ठरवलं आहे. बांधू नये. ज्या वाटेनं हरिसिंगला हाकललं त्या वाटेवर माझं नाव नको. ओमचा फारच जीव जात असेल तर त्यानं जित्तेपणी स्वतःच्या नावाचं बांधावं. शोभेल.

इथवर मी सोमवारी लिहून संपवलं. मंगळवारी मालकांच्या खाटेजवळ बसून चौथं कलम त्यांना वाचून दाखवलं. अठ्ठावीस वर्षं ते हरिसिंगला शिव्या देत आले, अंगावरून वारं गेलं त्या दिवसापर्यंत. ऐकताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. हरिसिंगसाठी आलं की गेलेल्या खासदारकीसाठी, हे विचारायची आता सोय नाही. मी पुसलं आणि कण्हेरी भरवली.

बुधवारी बबिताला घेऊन एसटीनं ढाणकीला गेले. ओमला दवाखाना सांगितला. भुरीबाई एका खोलीत राहते, पोरगी बांगड्या विकते. ती पोरगी बिनलग्नाची राहिली. बहिष्कारातल्या घरची मुलगी कोण करणार होतं? भुरीबाई खाटेवर उठून बसली.

"ये. बस. पाणी घेतं का? का आमचं पाणी तुले अजून चालत नाई?"

मी पाणी प्याले. बबितानं सगळा कागद मोठ्यानं वाचला. भुरीबाईनं तो शेवटपर्यंत ऐकला. संपल्यावर म्हणाली, "घर देऊन राह्यली?"

"हो."

"तू मेल्यावर?"

"हो."

"अन् मी आधी मेली तं?"

मी बबिताकडे पाहिलं. बबिता खाली मान घालून म्हणाली, "मंग ते कलम रद्द होते, काकी. 'हयात असल्यास' लिहिलं हाये."

भुरीबाई हसली. हसता हसता खोकला लागला, बराच वेळ लागला. मग डोळे पुसून म्हणाली, "लाली, लोक म्हनत, नवऱ्याच्या चुकीनं खासदार झाली. मी म्हनो, नाई, तिच्यात गुन होता."

तिनं कागदाकडे बोट केलं.

"याच्यावर साक्ष कोणाची घेतं?"

"दोघांची लागते. प्रेरणाताईंच्या हापिसातले..."

"मले घे."

बबिता म्हणाली, "काकी, ज्याले काई भेटते त्यानं साक्ष करू नये, असं वकीलबाईनं सांगतलं."

"मंग घर खोड," भुरीबाई म्हणाली. "मले तिचं घर कायले पाह्यजे? घर काय मी वर घेऊन जाऊ? दुसरी साक्ष बाबूसिंगची. त्या दिवशी पंचात बसला होता, त्यातला तोच एक जिता हाये. अन् हे तिथं वाचाचं, निशाणाखाली. तुह्या तोंडानं. मंग मी अंगठा देतो."

मी म्हटलं, "भुरी, जित्तेपणी मले नाई जमणार." खरं तेच बोलले. लोकसभेत उभी राहून बोललेली बाई, पण चाळीस घरांच्या तांड्यासमोर माझे पाय नाही उभे राहत.

"मंग जाय," ती म्हणाली. "भाडं कायले खर्चलं? पोस्टानं पाठवाचं होतं, मांगच्यासारखं." आणि भिंतीकडे तोंड करून निजली.

परतीच्या एसटीत बबिता चार तास माझ्याशी बोलली नाही. बाभुळगावला उतरताना एवढंच म्हणाली, "आत्या, नसाबाचा निरोप मी देऊ का तुम्ही देता?"

मी दिला.

म्हणून चौथं कलम मी खोडते आहे. खोडलेल्या जागी माझी सही केली आहे. खोडलं ते घर देण्याचं वाक्य. खालची हकीकत खोडलेली नाही, ती कायम. तांड्यातलं घर आता सून बबिता हिला. पुढच्या निवडणुकीत तिला उभी करायचं ओमनं ठरवलं आहे, तिला अजून विचारलेलं नाही. घर तिच्या नावावर असलं की विचारावं लागेल.

आज रविवारी दुपारी नसाब बसला. वडलांच्या जागी आता नायक असलेला ओम मधोमध बसला होता. याडी प्रवेशद्वाराची जागा दाखवणार, असं त्याला वाटत होतं. भुरीबाई पोरीचा हात धरून शिवेपाशी येऊन थांबली, आत येईना. बाबूसिंग स्वतः उठून गेले आणि तिला आणलं. मी निशाणाखाली उभी राहून वाचलं. आवाज दोनदा गेला. दुसऱ्यांदा गेला तेव्हा भुरीबाई म्हणाली, "वाच. येते ना तुले वाचता."

वाचून संपलं. मग ओम उठला आणि म्हणाला, "याडी, म्हातारपणी भरम झाला तुले." डॉक्टरचा दाखला बबितानं त्याच्या हातात दिला.

बाबूसिंगांनी हरिसिंग निर्दोष होता असं तीनदा म्हटलं, आमच्या रीतीप्रमाणे. त्याच्या घरचं आग-पाणी मोकळं केलं. मग म्हणाले, "निशाणाखाली खोटं बोलणाऱ्याले तांड्याबाहेर काढतेत. आता कायदा वेगळा हाये, पण रीत तं हाये. भुरीबाई, तू सांग. हिले काय कराचं?"

मी मनात तयारी केली होती. खरं सांगते, मला काढावं असं वाटत होतं. यवतमाळच्या घरी जाऊन पडले असते.

भुरीबाई म्हणाली, "काढू नोका. काढलं तं दुसरीकडे जाऊन भाषण करन. इथंच राहू द्या, तुमच्यात. रोज दिसू द्या."

मग तिनं हातपंपावर जाऊन स्वतः पाणी उपसलं, ओंजळीनं प्याली, पोरीला पाजलं. अंगठा दिला. बायकांनी राहा म्हटलं. "राहाले नाई आली," म्हणाली आणि चारच्या एसटीनं ढाणकीला गेली.

म्हणून शेवटचं कलम. मी मरेपर्यंत मला ह्या तांड्यातून कोणी हलवू नये. दवाखान्यासाठी नाही, हवापालटासाठी नाही, ओमच्या मायेसाठी तर मुळीच नाही. माझ्या घरून हातपंपाला जायला सतरा घरांवरून जावं लागतं. पाणी मी स्वतः आणीन.

वरील सर्व मजकूर मी वाचून, समजून, शुद्धीवर लिहिला आहे.

लिहून ठेवणार: लालीबाई देवीलाल आडे (सही हातची, शिक्क्याची नव्हे)

साक्षीदार, ज्यांनी हा कागद निशाणाखाली ऐकला आणि माझ्या देखत निशाणी केली:

१. बाबूसिंग आडे, कारभारी, उकंडा नाईक तांडा. सही. (त्यांनी सहीखाली स्वतः लिहिलं: "त्या दिवशी मीही विचारलं नाही.")

२. भुरीबाई हरिसिंग आडे, मुक्काम ढाणकी. डाव्या हाताचा अंगठा. ह्या कागदाप्रमाणे त्यांना काहीही मिळत नाही.

ठिकाण: उकंडा नाईक तांडा, तालुका बाभुळगाव, जिल्हा यवतमाळ
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५, रविवार